बतुकम्माची गाणी: जुन्या तेलुगू फॉन्टातून युनिकोडमध्ये आणतानाच्या नोंदी

आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण माझी शाळा मराठी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत हे नेहमीचं आहे. तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेली माणसं, आता तिसरी-चौथी पिढी. बोली टिकली, लिपी सुटली. १९९९ मध्ये आमच्या गल्लीतल्या बायकांनी बतुकम्माची, म्हणजे तेलंगणातल्या बायकांच्या फुलांच्या सणाची, ६४ गाणी गोळा करून तेलुगूत ९६ पानांची पुस्तिका छापून घेतली होती. तिच्या प्रती कधीच संपल्या. यंदा ती पुन्हा काढायची, आणि तेलुगूसमोर देवनागरीतही द्यायची, म्हणजे पोरींना वाचून म्हणता येईल, असं ठरलं. मी छापखान्यात मराठी डीटीपी करते, थोडं पायथनमधलं प्रोग्रामिंग येतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. मुदत २ ऑक्टोबर, भाद्रपद अमावास्या, बतुकम्माचा पहिला दिवस.

अशा जुन्या फाइली सोलापुरातच नाही, कितीतरी ठिकाणी पडून असतील. ज्यांना त्या उघडायच्या आहेत त्यांचे दिवस वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतेय. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, तो संकेतांक. संकेतांक सोळाच्या पद्धतीने लिहितात, दहा ते पंधरासाठी ए ते एफ. मी ते देवनागरीतच दिले आहेत: ०सी१५ म्हणजे तेलुगू क.

७ जुलै २०२४, रविवार

हाताशी आलेलं सामान: एक सीडी, पुस्तिकेची एक छापील प्रत (पानं ३१ आणि ३२ गायब), आणि माझी अत्तम्मा. अत्तम्मा म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती तेलुगू घडाघडा वाचते, आणि १९९९ च्या पुस्तिकेतली निम्मी गाणी तिनेच सांगितलेली.

सीडी वाचायला घरात ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा घेतला, १,१५० रुपये. फाइली पेजमेकरच्या, म्हणजे पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या, निघाल्या. छापखान्यातल्या जुन्या मशीनवर उघडल्या, नशिबाने फॉन्टही सीडीवरच होता. पडद्यावर तेलुगू व्यवस्थित दिसतं. मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं आणि पाउंडाची खूण यांचा काला.

१० जुलै

जुन्या मराठी फॉन्टांवर काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं आहे. फाइलमध्ये तेलुगू नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत तेलुगूचे तुकडे बसवलेले आहेत. मराठीपेक्षा इथे तुकडे फार, कारण तेलुगू अक्षरच तुकड्यांनी बनतं. साध्या ‘क’मध्ये खाली अंग आणि वर बरोबरच्या खुणेसारखा ‘तलकट्टु’. वेलांटी लागली की तलकट्टु जातो आणि त्या जागी ‘गुडि’ बसते. उकाराला ‘कोम्मु’, एकाराला ‘एत्वं’, जोडाक्षरातल्या दुसऱ्या व्यंजनाला ‘वत्तु’.

तीन संध्याकाळ बसून तक्ता केला. कोणत्या घरात कोणता तुकडा, असे १९० तुकडे. अत्तम्मा शेजारी बसून नावं सांगत होती. तलकट्टुसमोर कोणता संकेतांक लिहू, हे मी बराच वेळ शोधत राहिले. तो नाहीच. व्यंजनात ‘अ’ धरलेलाच असतो, म्हणून युनिकोडला तलकट्टु वेगळा लागत नाही. तो चितारायचं काम फॉन्टाचं. तक्त्यात त्याच्यासमोर ‘टाकून द्या’ लिहिलं.

१४ जुलै

पहिलं रूपांतर. तुकड्याच्या जागी संकेतांक, सरळ बदल. चाळीस सेकंदांत ९४ पानं झाली आणि एकही ओळ धड नव्हती.

दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, ‘म’ सगळीकडे ‘वु’ झाला होता. तेलुगू म दिसतो व सारखाच, फक्त उजवीकडे जास्तीचा आकडा, म्हणजे हुकासारखा वळसा. फॉन्ट करणाऱ्याने घरं वाचवायला म साठी वेगळा तुकडा ठेवलाच नव्हता: व चं अंग आणि शेजारी आकडा. मी तो आकडा कोम्मु समजले. गाण्यागाण्यात ‘अम्मा’ येते, आणि प्रत्येक ठिकाणी ती मोडलेली पाहून मला फार वाईट वाटलं. फॉन्टात कोम्मु तीन प्रकारचे आहेत. प आणि व यांना तो वेगळ्या जागी लागतो, तो याच गोंधळामुळे. तिन्ही कोम्मु ०सी४१ वर नेले आणि आकड्याला वेगळा नियम लिहिला. अर्धा दिवस.

दुसरी गोष्ट मोठी होती.

१७ ते २१ जुलै

‘तल्लि’ म्हणजे आई. देवनागरीत पहिला ल अर्धा, दुसरा पूर्ण, आणि वेलांटी त्या पूर्ण ल ला. तेलुगूत उलट. पहिला ल पूर्ण लिहायचा, दुसरा ल वत्तु होऊन खाली जातो, आणि गुडि बसते पहिल्या ल च्या डोक्यावर. उच्चारात इ येते दुसऱ्या ल नंतर, पण कागदावर ती पहिल्या ल वर दिसते.

१९९९ च्या टायपिस्टने जसं दिसतं तसं टाइप केलं: त, मग गुडि लागलेला ल, मग ल-वत्तु. माझ्या रूपांतरात तेच उतरलं: त, ल, इकार, हलंत, ल. देवनागरीत दाखवायचं तर ‘तलि्ल’. पडद्यावर हलंताची शेंडी सुटी लोंबत होती आणि पुढे ल एकटा.

युनिकोडला हवं आहे: ०सी२४, ०सी३२, ०सी४डी, ०सी३२, ०सी३एफ. त, ल, हलंत, ल, इकार.

हे मी कागदावर बरोबर मांडलं होतं, पण नियम लिहिताना दर वेळी नवा अपवाद निघे. इकारानंतर वत्तु आला तर अदलाबदल कर, उकारानंतर आला तर कर, दोन वत्तु आले तर… असे सतरा नियम झाले आणि एक नियम दुसऱ्याचं काम मोडायला लागला. र-वत्तुने आणखी घोळ घातला. तो अक्षराच्या डावीकडून खाली वळतो, म्हणून या फॉन्टात तो व्यंजनाच्या आधी टाइप करावा लागे. म्हणजे एक वत्तु आधी, बाकीचे नंतर. चार दिवस यात गेले.

रविवारी अत्तम्माला ओळ दाखवून विचारलं, की हे अक्षर तू मनात कसं वाचतेस. ती म्हणाली, “वाचायचं काय त्यात बिड्डा, तोंडाने म्हण ना.” आणि हळू म्हणून दाखवलं: त, ल्, लि. तिच्या तोंडातून जो क्रम आला तोच संकेतांकांचा क्रम होता. फाइलमध्ये अक्षर साठतं ते उच्चाराच्या क्रमाने. कागदावर काय वर, काय खाली, काय डावीकडे, हे फॉन्टाने बघायचं.

सतरा नियम पुसले. नवा कार्यक्रम (प्रोग्राम) आधी एका अक्षराचे सगळे तुकडे गोळा करतो, मग म्हणायच्या क्रमाने लावतो: मूळ व्यंजन, मग प्रत्येक वत्तुसाठी हलंत आणि व्यंजन, मग मात्रा, शेवटी सुन्ना, म्हणजे अनुस्वार. साठ ओळींचा कार्यक्रम. ‘स्त्री’सारखं अक्षरही पहिल्या फटक्यात आलं: स, हलंत, त, हलंत, र, ईकार, सहा संकेतांक. हे काम करायला निघालेल्याने पहिल्या दिवसापासून अक्षर हा एकक धरावा. मी आठवडा घालवला तो तुकड्यामागे तुकडा धावत राहिल्याने.

२८ जुलै

बतुकम्माच्या गाण्यात ओळीच्या शेवटी ‘उय्यालो’ येतं, झोक्याची हाक. ६४ पैकी बऱ्याच गाण्यांत प्रत्येक ओळीला. रूपांतरात सगळीकडे ‘उयालो’.

आधी वाटलं नवा कार्यक्रम य-वत्तु गिळतोय. दीड दिवस तो तपासला. तो निर्दोष होता, य-वत्तु त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. फॉन्टात य-वत्तु बसवला आहे १७३ क्रमांकाच्या घरात, आणि लॅटिन तक्त्यात ते घर आहे सॉफ्ट हायफनचं, म्हणजे ओळ तुटली तरच दिसणाऱ्या जोडरेघेचं. पडद्यावरून कॉपी करताना मधल्या प्रोग्रामांनी ती ‘निरुपयोगी’ रेघ काढून टाकली. १६० च्या घरातला तुकडाही असाच साध्या मोकळ्या जागेत बदलला होता. ते घर न तुटणाऱ्या स्पेसचं. अवतरणचिन्हांच्या घरांतले दोन तुकडे आपोआप सुधारणेने सरळचे वाकडे झाले होते.

उपाय: कॉपी-पेस्ट पूर्ण बंद. पेजमेकरमधून मजकुराची आरटीएफ प्रकारची फाइल काढली. तिच्यात १२७ च्या पुढचा प्रत्येक बाइट आकड्यात लिहिलेला असतो, त्यामुळे वाटेत काही गळत नाही. सगळं पहिल्यापासून चालवलं. उय्यालो आलं. शीर्षकांचा फॉन्ट वेगळा आणि त्याची घरंही वेगळी, हे तेव्हाच कळलं. शीर्षकं ६४ च, ती हाताने टाइप केली.

हाताने टाइप करणं सोपं गेलं. मी मराठी इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिकले, आणि इनस्क्रिप्टमध्ये सगळ्या भारतीय लिप्यांचं व्यंजन-स्वर त्याच कळीवर. क जिथे मराठीत, तिथेच तेलुगूत. नव्या कळी दोनच: ऱ्हस्व ओकाराची, एकच्या डावीकडची, आणि झेड. तिच्यावर ऱ्हस्व एकार आहे. मराठीत मला त्या कधी लागल्याच नव्हत्या.

४ ऑगस्ट

पहिलं प्रूफ. छपाई आणि झेरॉक्स मिळून २१० रुपये. अत्तम्मा छापील प्रतीतून मोठ्याने वाचते, मी पडद्यावर बोट ठेवते. तासाला चार पानं. भ आणि ब, ध आणि द, फ आणि प यांत छोट्या उभ्या रेघेचा वगैरे फरक. तिथे दोघींचेही डोळे थकतात, म्हणून त्या जोड्या रंगवून घेतल्या.

वाचताना सगळं बरोबर वाटलेल्या पानात ‘रंगु’ शोधून पाहिलं, एकही सापडला नाही. शब्द समोर दिसतोय, शोध नाही म्हणतो. तेलुगूत अनुस्वार डोक्यावरचं टिंब नाही. ओळीत बसणारं पूर्ण गोल वर्तुळ, त्याला म्हणतातच ‘सुन्ना’, म्हणजे शून्य. टायपिस्टने सुन्नाची कळ न दाबता शून्याचा अंक दाबला होता. छापून आलं तर दोन्ही एकच. फाइलमध्ये एक ०सी६६, दुसरा ०सी०२.

अक्षराला चिकटलेलं शून्य सुन्ना करायचं, असा नियम लावला आणि लगेच कडव्यांचे आकडे बिघडले: ‘१०व’, म्हणजे दहावा, याचं ‘१ंव’ झालं. आधी अंक असेल तर हात लावू नये, असं जोडलं. ३८० च्या वर जागा दुरुस्त झाल्या. हा दोष वाचून कधीच पकडता आला नसता. प्रूफ कितीही चांगलं झालं तरी दहा-वीस शब्द शोधून बघाच.

११ ते १३ ऑगस्ट

या तीन दिवसांचं नुकसान माझ्या सवयीमुळे झालं. छापखान्यात लोक व्हॉट्सॲपवरून मजकूर पाठवतात, त्यात न दिसणाऱ्या खुणा असतात, आणि त्या ओळी बिघडवतात. म्हणून माझ्याकडे एक सफाईचा कार्यक्रम आहे, तो २००बी ते २००डी हे तिन्ही संकेतांक उडवतो. सगळ्या फाइली मी त्यातून काढल्या, आणि मूळ प्रत त्याच नावाने पुसली गेली.

प्रस्तावनेत ‘सोलापूर्-लो’ असा शब्द आहे, सोलापुरात. पूर् वर पोल्लु, म्हणजे हलंत, आणि पुढे ‘लो’ वेगळं. युनिकोडमध्ये र, हलंत, ल असं लागोपाठ आलं की फॉन्ट ते जोडाक्षर समजतो: ल खाली वत्तु होऊन जातो आणि ओकार चढतो र वर. ते टाळायला हलंतानंतर २००सी घालावा लागतो, झेडडब्ल्यूएनजे नावाची खूण. ती दिसत नाही, पण ‘इथे जोडू नको’ एवढं फॉन्टाला सांगते. तेलुगूत गावांची नावं, इंग्रजी शब्द, कुठेही व्यंजनावर शब्द संपून प्रत्यय लागला की ती हवीच. माझ्या रूपांतराने ती नीट घातली होती. सफाईने सगळ्या उडवल्या.

अत्तम्मा प्रस्तावनेच्या दुसऱ्या ओळीवर थांबली. “इदि ए ऊरु?” हे कुठलं गाव? उच्चार केला तर सोलापूर्लोच होतो, पण डोळ्याला ते गाव ओळखू येत नव्हतं.

मग माझी मराठी प्रस्तावना पाहिली. तीही बिघडली होती. जुन्या पद्धतीने र, हलंत आणि २००डी अशी टाइप केलेली ‘येणाऱ्या’ आता ‘येणार्या’ दिसत होती. इतकी वर्षं मी याच सफाईतून मराठी मजकूर काढते आहे. छापखान्यातल्या जुन्या कामांत किती ठिकाणी हे गेलं असेल, ते एकेक फाइल उघडून बघणार आहे.

सगळं आरटीएफपासून पुन्हा चालवलं. यातच लक्षात आलं की ‘ज्ञा’ असलेल्या दोन शब्दांत माझा कार्यक्रम ही खूण ञ आणि आकार यांच्या मध्ये टाकतोय. ज, हलंत, ञ, २००सी, आकार: नेमका हाच क्रम फेब्रुवारी २०१८ मध्ये गाजला होता. तो आयफोनवर आला की ॲप बंद पडे, आणि ॲपलने आयओएस ११.२.६ मध्ये तो दोष काढला. नियम असा पक्का केला: खूण फक्त हलंताच्या लगेच नंतर आणि पुढे व्यंजन असेल तरच.

आता मूळ फाइल, रूपांतर आणि प्रूफ यांची तीन वेगळी फोल्डर आहेत.

२५ ऑगस्ट

देवनागरीचं काम. हे दोन तासांत होईल असं वाटलं होतं, आणि पहिल्या अर्ध्या तासात तसंच चाललं. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली, म्हणून लिप्यांचे तक्ते एकमेकांवर बसतात. देवनागरी ०९०० पासून, तेलुगू ०सी०० पासून, मध्ये अंतर ७६८. क ०९१५, तेलुगू क ०सी१५. तेलुगूच्या प्रत्येक संकेतांकातून ७६८ वजा केले की देवनागरी. ओळीमागून ओळ वाचता यायला लागली. आजवर जी गाणी मी फक्त ऐकली होती ती पहिल्यांदा लिहिलेली वाचली.

मग शेवटच्या शब्दसूचीत ‘क़’ दिसला. तेलुगू गाण्यात क़ कुठून? शब्द गोळा करणाऱ्या बाईंनी चमचातला च आणि चंद्रातला च वेगळे दाखवले होते. तेलुगूत त्यासाठी स्वतंत्र अक्षरं आहेत, युनिकोडमध्ये ती २००८ साली ५.१ आवृत्तीत आली: ०सी५८ आणि ०सी५९. आणि देवनागरी तक्त्यात त्याच जागी क़ आणि ख़. म्हणजे च चा क़ झाला आणि ज चा ख़. तक्ते एकमेकांवर बसतात ते जुन्या भागापुरते. नंतर भरलेल्या घरांचा भरवसा नाही. मराठीत हे दोन्ही उच्चार आहेत, जास्त आणि जीव यांत आपण रोज करतो, फक्त अक्षर एकच. म्हणून च आणि ज च ठेवले. मराठी बोलणाऱ्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

‘गुर्रमु’, घोडा, जुन्या लेखनात कडक र ने लिहितात, ०सी३१. वजाबाकीने त्याचा ऱ होतो, आणि मराठी वाचक ‘गुऱ्ऱमु’ बघून अडखळतो. साधा र केला. शब्दाच्या शेवटची सुन्ना म् म्हणून म्हणतात, ‘हारं’ नाही, ‘हारम’. तिथे म लिहिला.

राहिला ऱ्हस्व ए आणि ओ. तेलुगूत ऱ्हस्व-दीर्घ असे दोन ए आहेत, दोन ओ आहेत. ‘मॆड’ म्हणजे मान, ‘मेड’ म्हणजे माडीचं घर. ‘मॆडलो हारम’ हे गळ्यातला हार; मात्रा दीर्घ झाली की हार माडीत जातो. देवनागरी तक्त्यात ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत, ०९४६ आणि ०९४ए, दक्षिणेतल्या भाषा लिहिण्यासाठीही वापरतात त्या. प्रश्न एवढाच की मराठी शाळेतल्या मुलीला ती मात्रा वाचता येईल का.

भाचीला दाखवलं, ती चौथीत आहे. तिने ‘मॆड’ वाचलं ‘मेड’. मी म्हटलं, ही वाकडी मात्रा दिसली की पटकन म्हणायचं. तिसऱ्या ओळीपासून ती न चुकता वाचायला लागली. ऱ्हस्व मात्रा ठेवायची, हे तिथेच ठरलं. साधी एकच मात्रा ठेवली तर पान ओळखीचं दिसेल, पण गाणं चुकेल.

१ सप्टेंबर

‘पैन’, म्हणजे वर, या शब्दात प नंतर दोन अनोळखी खुणा. तेलुगू ऐकाराची मात्रा ०सी४८ युनिकोडमध्ये दोन तुकड्यांतही लिहिता येते, ०सी४६ आणि ०सी५६, आणि दोन्ही समान मानलेली आहेत. शोधासाठी कुठून तरी घेतलेल्या कोडच्या चार ओळींनी मजकूर एनएफडी रूपात, म्हणजे सुट्या तुकड्यांत, फोडला होता. त्या तुकड्यांतून ७६८ वजा झाले आणि ०९४६, ०९५६ उरले. मजकूर आधी एनएफसी, म्हणजे जोडलेल्या रूपात, करून घेतला, मिटलं. तेलुगू तक्त्यात अशी फुटणारी मात्रा ही एकच, म्हणून बाकी पुस्तकात काही दिसलं नव्हतं. वीस मिनिटं गेली. पण लक्षात आलं नसतं तर छापून गेलं असतं.

८ सप्टेंबर

गाण्यांची अनुक्रमणी. संगणकाने लावली तर ळ व च्या आधी येतो, कारण तक्त्यात तो तसा आहे. तेलुगू वर्णमालेत ळ ह नंतर. मराठीतही हेच दुखणं आहे, म्हणून उपाय तयार होता: क्रमाची यादी हाताने दिली.

१५ सप्टेंबर

अत्तम्माने बारा गाणी म्हणून दिली, फोनवर रेकॉर्ड केली. फाइलींना नाव घातलं ‘बतुकम्म पाट’, तेलुगूत. एका जुन्या प्लेयरवर शेवटचा ट गायब आणि त्या जागी चौकोन. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक तेलुगू संकेतांकाला तीन बाइट लागतात. बतुकम्मचे सात संकेतांक, २१ बाइट; मोकळी जागा १; पाटचे तीन, ९. एकूण ३१. आणि एमपी३ च्या जुन्या टॅगमध्ये, आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत, नावाला जागा ३० बाइट. एका बाइटसाठी अक्षर तुटलं. दुसऱ्या आवृत्तीचे टॅग घातले, तिथे ही अडचण नाही.

२२ सप्टेंबर

पानं लावली. तेलुगूसाठी मंडली हा मोफत फॉन्ट घेतला, त्याचे गोल अंग आणि वत्तु छोट्या आकारातही स्पष्ट येतात. एका जुन्या पद्याच्या ओळी न-पोल्लुवर संपतात. त्याच्या जुन्या वळणासाठी ०सी५डी हा संकेतांक २०२१ मध्ये आला आहे, पण हाताशी असलेल्या फॉन्टांत त्या जागी चौकोन दिसतो. न आणि हलंत असं साधं ठेवलं.

पीडीएफमधून तेलुगू कॉपी करून पाहिलं तर वत्तु पुन्हा इकडेतिकडे. पीडीएफ ही छपाईसाठी. मजकूर जपायचा तर साधी टेक्स्ट फाइल सोबत ठेवायची. पेन ड्राइव्हवर दोन्ही घातल्या, पंचवीस वर्षांनी कुणाला माझ्यासारखं तुकडे मोजत बसायला लागू नये.

पानं ३१ आणि ३२ सीडीवरही अर्धवट होती. त्यावरची दोन गाणी अत्तम्माने आठवून सांगितली, मी थेट टाइप केली.

२ ऑक्टोबर

१५० प्रती, आतला कागद साधा मॅपलिथो, एकूण छपाई ६,९०० रुपये. ड्राइव्ह, प्रुफं, पेन ड्राइव्ह धरून सगळा खर्च ८,८०० च्या आसपास. वेळ साधारण १४० तास, त्यातले पन्नास तरी वर लिहिलेल्या चुकांत गेले.

संध्याकाळी बतुकम्मा मांडली. झेंडूची टोपली मध्ये, भोवती बायका, आणि पहिल्यांदाच पोरींच्या हातात पुस्तक. भाची ऱ्हस्व मात्रांवर न अडखळता म्हणत होती. अत्तम्माच्या हातात तेलुगू बाजूचं पान होतं, पण ती त्याकडे बघत नव्हती. पोरींची ओळ तिच्याबरोबर येतेय का एवढं ऐकत होती.

आठव्या गाण्यात ती थांबली आणि माझ्याकडे वळली. पान ४१, चौथी ओळ: तेलुगूत ‘मॆडलो’ आहे, समोर देवनागरीत ‘मेडलो’ छापलंय. हाताने दुरुस्त केलेल्या पानांपैकी ते एक होतं, झेड ऐवजी शेजारच्या ओळीतली एस दाबली गेली. १५० प्रतींवर उद्या पेनाने मात्रा करायची आहे. टेक्स्ट फाइल रात्रीच दुरुस्त केली.